मंद आचेवरची स्ट्रॉबेरी

एक किलो स्ट्रॉबेरीत नऊशे ग्रॅमहून थोडं अधिकच पाणी असतं. उरलेल्या ऐंशी-नव्वद ग्रॅममध्ये त्या फळाचं बाकी सगळं येतं: साखर, आंबटपणा, रंग, धागे आणि सालीवर टोचून बसवल्यासारख्या दिसणाऱ्या बिया. या किलोभर फळात सातशे ग्रॅम साखर घालून जॅम करायचा, तर तो बरणीत टिकण्याइतका आळेपर्यंत भांड्यातून जवळजवळ अर्धा लिटर पाणी निघून जावं लागतं. जॅमच्या पाककृती शेकड्यांनी आहेत. कुणी फळ आदल्या रात्री साखरेत मुरवतं, कुणी पुरणयंत्रातून काढतं, कुणी अख्खं ठेवतं. काम मात्र सगळ्यांपुढे हेच असतं: फळाचा वास आणि रंग शक्य तितका राखून हे अर्धा लिटर पाणी बाहेर काढायचं.

पसरट कढईत, मोठ्या आचेवर ते अर्ध्या-पाऊण तासात उडतं. स्लो कुकरमध्ये झाकण घट्ट लावून ठेवलं, तर आठ तासांनंतरही जवळपास तेवढंच शिल्लक असतं. स्लो कुकरमध्ये केलेला जॅम पातळ राहिल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते, त्याचं मूळ इथे आहे. दोष फळाचा नसतो, साखरेचाही नसतो. हे भांडं पाणी धरून ठेवण्यासाठीच जन्माला आलं आहे.

त्याचा जन्म अमेरिकेतला. आयर्विंग नॅक्सन या संशोधकाने विजेवर मंद शिजवणाऱ्या भांड्याच्या पेटंटसाठी १९३६ मध्ये अर्ज केला आणि १९४० मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्याची आई लिथुआनियातल्या ज्यू कुटुंबातली. शब्बाथच्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, म्हणून आदल्या संध्याकाळीच घेवडा, मांस आणि धान्य घातलेलं ‘चोलंट’चं भांडं गावातल्या बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत नेऊन ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी ते शिजलेलं घरी आणायचं, अशी तिकडची रीत होती. आईने सांगितलेली ही रीत नॅक्सनने विजेच्या भांड्यात उतरवली. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये हे भांडं ‘क्रॉकपॉट’ नावाने बाजारात आणलं. नोकरीवर जाणाऱ्या बायकांनी सकाळी सगळं भांड्यात घालायचं आणि संध्याकाळी गरम जेवण वाढायचं, या सोयीमुळे ते अमेरिकेत घरोघरी पोचलं. तिकडच्या मराठी घरांत आज त्यात राजमा, छोले शिजतात. मे-जूनमध्ये शेतावर जाऊन स्वतः तोडून आणलेली बादलीभर स्ट्रॉबेरीही त्यातच जाते, कारण नाजूक फळ एवढ्या प्रमाणात घरी आलं की दोन दिवसांत त्याचं काहीतरी करावंच लागतं.

आपल्याकडे ज्यांनी चुलीचा स्वयंपाक पाहिला आहे, त्यांना हे यंत्र समजायला वेळ लागणार नाही. चुलीच्या शेजारी वैल असायचा. मुख्य तोंडावर भाकरी भाजली जात असताना त्याच जाळाची उरलेली धग वैलाकडे वळायची आणि तिथे ठेवलेलं दूध आटायचं, आमटी मुरायची. स्लो कुकर म्हणजे विजेवरचा वैल. बाहेर धातूचं कवच, त्यात गुंडाळलेली तार, आत चिनीमातीचं जाड भांडं. मध्यम आकाराचा कुकर दोन-अडीचशे वॅट वीज घेतो, म्हणजे पाच तास चालवला तर एक ते सव्वा युनिट. उष्णता तळाइतकीच कडेनेही लागते, त्यामुळे साखर असलेला पदार्थ तळाला लागत नाही. ज्यांनी करपलेल्या पाकाचं पातेलं घासलं आहे, त्यांना याची किंमत कळेल. ‘लो’ आणि ‘हाय’ यांत फरक मुख्यतः वेगाचा असतो. शेवटी दोन्हीकडे आतला पदार्थ उकळीच्या जरा खालीच येऊन थांबतो.

जॅमसाठी नेमकी हीच गोष्ट विचारात घ्यावी लागते.

जॅम आळतो तो तीन गोष्टींच्या मेळाने: पेक्टिन, आम्ल आणि साखर. पेक्टिन फळाच्या पेशींच्या भिंतींत असतं आणि पेशींना एकमेकींशी जखडून ठेवतं. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये त्याचं वर्णन करून त्याला नाव दिलं. फळ शिजलं की पेक्टिन रसात उतरतं, पण त्याच्या लांब साखळ्या सहजी जवळ येत नाहीत. त्यांच्यावर ऋणभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर लोटतात आणि भोवती पाणी धरून बसतात. आम्ल तो भार कमी करतं. साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते. मग साखळ्या एकमेकींत गुंततात, त्यांची जाळी तयार होते आणि राहिलेला रस त्या जाळीत अडकतो. हे नीट घडायला साखर व इतर विरघळलेले घटक मिळून वजनाच्या सुमारे पासष्ट टक्के असावे लागतात आणि आंबटपणा सामू ३ ते ३.३ च्या आसपास असावा लागतो.

जॅम १०४-१०५ अंश सेल्सिअसला तयार होतो असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. तो आकडा समुद्रसपाटीचा आहे आणि मुळात तो साखरेचं प्रमाण ओळखण्याची एक खूण आहे. पाण्यात साखर जितकी दाट, तितका उकळबिंदू वर चढतो, म्हणून तापमान पाहून दाटपणा कळतो, इतकंच. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळतं, पुण्यात सुमारे ९८ ला. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात ते ९५-९६ अंशांनाच उकळतं, आणि तिथे जॅम १०० अंशांच्या आसपास तयार होतो. तिथे १०५ ची वाट पाहत बसणाऱ्याच्या हाती चिक्कीसारखा गोळा येईल.

स्लो कुकरमध्ये तर हा आकडा निरुपयोगीच आहे, कारण पदार्थ खळखळून उकळतच नाही. पण पाणी उडायला उकळी लागत नाही. दोरीवरचे कपडे वाळतात ते न उकळताच. झाकण काढलं की नव्वद अंशांवरच्या रसातून वाफ सतत निघत राहते, आणि पासष्ट टक्क्यांची घनता तशीही गाठता येते. मोठ्या फळप्रक्रिया कारखान्यांत अनेकदा निर्वात पातेली वापरतात. त्यांत हवेचा दाब कमी केल्यामुळे जॅमचा रस साठ-सत्तर अंशांवरच उकळतो आणि रंग-वासाची हानी कमी होते. कमी उष्णतेवर पाणी काढायचं हा विचार म्हणजे स्वयंपाकघराची हौस नाही, कारखानेही त्यासाठी महागडी यंत्रं बसवतात. फरक वेळेचा आहे. निर्वात पातेल्यात काम लवकर उरकतं, स्लो कुकर तासन्‌तास घेतो, आणि त्या तासांची किंमत रंगाला मोजावी लागते. तिकडे नंतर येईन. आधी फळाकडे जाऊ, कारण जॅमचं निम्मं भवितव्य शेतात ठरलेलं असतं.

आज जगभर पिकते ती स्ट्रॉबेरी दोन अमेरिकन जातींचा संकर आहे, आणि तो घडला युरोपात. आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ मध्ये चिलीहून मोठ्या फळांची रोपं फ्रान्सला नेली. तिथे आधीच रुजलेल्या, उत्तर अमेरिकेतून आलेल्या व्हर्जिनिया जातीशी त्यांचा संकर झाला. पहिलीकडून आकार आला, दुसरीकडून वास. ब्रिटिशांच्या काळात हे फळ महाबळेश्वरला आलं. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तिथे गिरिस्थान वसवलं, आणि थंड हवेबरोबर साहेबांच्या भाज्या-फळांची लागवडही त्या डोंगरावर सुरू झाली.

आज देशातल्या स्ट्रॉबेरीचा मोठा वाटा महाबळेश्वर, पाचगणी आणि आसपासच्या वाई-जावळीच्या पट्ट्यातून येतो. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळणाऱ्या या डोंगरावर फळ घ्यायचं म्हणजे पाऊस ओसरण्याची वाट पाहणं आलं. परदेशातून मागवलेली मातृरोपं पावसाळ्याच्या तोंडावर येतात. त्यांना फुटणाऱ्या धावत्या फांद्यांपासून, म्हणजे रनरपासून, रोपवाटिकांत नवी रोपं तयार होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तांबड्या मातीच्या गादीवाफ्यांवर लागवड होते, ठिबकच्या नळ्या पसरतात, वर मल्चिंगचा कागद चढतो. स्वीट चार्ली, विंटर डॉन या फ्लोरिडा विद्यापीठातल्या जाती आणि कॅमारोसा ही कॅलिफोर्नियातली जात इथल्या शेतकऱ्यांच्या तोंडी रुळली आहे. नाबिलाही आता बरीच दिसते. फळ तोडल्यानंतर पिकत नाही, त्यामुळे तोडणी पहाटे-सकाळी, रोजच्या रोज आणि हाताने करावी लागते. तोडणीला बहुतेक बायाच असतात. वाकून, देठाला नखाने खुडत, फळाला बोट न लागू देता ओळीमागून ओळ पुढे सरकणं हे कष्टाचं आणि कौशल्याचं काम आहे. पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या डब्यात, रचलेल्या लालबुंद फळांची किंमत करताना ते आठवायला हवं.

भिलार हे या पट्ट्यातलं गाव बहुतेकांना ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून माहीत आहे. मे २०१७ मध्ये तो उपक्रम सुरू झाला. त्याआधीपासून ते स्ट्रॉबेरीचं गाव आहे. नाशिककडे सुरगाणा-कळवणच्या आदिवासी भागातही आता हे पीक चांगलं रुजलं आहे. सापुताऱ्याच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी कडेला मांडलेल्या टोपल्या पाहिल्या असतील.

हंगामातलं सगळं फळ पनेटमध्ये जात नाही. डिसेंबर-जानेवारीचं मोठं, टणक फळ शहरांच्या बाजारात जातं. मार्चनंतर उन्हं वाढली की फळ लहान आणि मऊ होतं, त्याला प्रवास सोसत नाही. वेड्यावाकड्या आकाराचं, एका बाजूला दबलेलं फळ तर हंगामभर निघतं. हे सगळं देठ काढून क्रश, पल्प आणि जॅमसाठी प्रक्रियेला जातं. पाचगणीत १९५९ मध्ये किशोर व्होरा यांनी मॅप्रो सुरू केली. फळप्रक्रियेचा उद्योग इथे उभा राहिला नसता, तर दोन दिवसांत नासणाऱ्या या पिकावर डोंगरातल्या शेतकऱ्याला एवढा भरवसा टाकता आला नसता, असं मला ठामपणे वाटतं. पनेट श्रीमंत ग्राहकाकडे जातं. उरलेल्या फळाला जॅमने भाव दिला.

विकतच्या जॅमबद्दल एक नियम ग्राहकाला माहीत असायला हवा. आपल्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार जॅममध्ये मूळ फळ वजनाने किमान ४५ टक्के असावं लागतं, पण स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरीसाठी ही मर्यादा २५ टक्के आहे. विद्राव्य घटक किमान ६५ टक्के हवेत. म्हणजे शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरी जॅममध्ये पंचवीस ग्रॅम स्ट्रॉबेरी असली तरी तो कायद्याने जॅमच. आता घरचा हिशेब मांडू. किलोभर फळ, सातशे ग्रॅम साखर, तयार जॅम साधारण बाराशे ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅम जॅममागे ऐंशी ग्रॅमहून अधिक फळ. घरी जॅम करण्याचं याहून मोठं कारण मला सांगता येणार नाही. लेबलवर फळाचा टक्का छापलेला असतो. बाटली घेताना तो वाचावा, आणि जास्त फळ घालणाऱ्या छोट्या उत्पादकाला दोन पैसे जास्त द्यावे लागले तर द्यावेत.

आता प्रत्यक्ष कृती.

स्ट्रॉबेरी पेक्टिनच्या बाबतीत दुबळी आहे. परदेशी पुस्तकं पेक्टिनची पुडी घालायला सांगतात. आपल्याकडे त्याहून चांगला उपाय नेमका त्याच दिवसांत मिळतो: पेरू. पेरूची जेली करणाऱ्या घरांना हे सांगायला नको. कवठाची जेली आळते तीही याच गुणामुळे. दोन अर्धकच्चे पेरू चिरून, बुडतील इतक्या पाण्यात अर्धा तास शिजवायचे आणि न कुस्करता फडक्यातून ते पाणी गाळून घ्यायचं. वाटीभर निघतं, हाताला किंचित बुळबुळीत लागतं. ते जॅममध्ये घातलं की आळण्याची बरीचशी काळजी मिटते, आणि पेरूचा वास स्ट्रॉबेरीपुढे टिकत नाही. फळ निवडतानाही सगळं पूर्ण पिकलेलं घेऊ नये. चारातलं एक फळ खांद्याशी पांढुरकं, जरा कच्चं असावं. त्यात पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही जास्त असतात. नासकं, बुरशी धरलेलं फळ मात्र एकही नको. मऊ पडलेलं आणि नासलेलं यांतला फरक वासाने कळतो.

फळ देठासकट धुवावं आणि देठ नंतर काढावेत, नाहीतर आधीच पाण्याने भरलेल्या फळात आणखी पाणी शिरतं. किलोभर फळाचे दोन-दोन तुकडे करून सातशे ग्रॅम साखर आणि दोन लिंबांचा रस घालून स्लो कुकरमध्ये ढवळून ठेवावेत. लिंबू दोन कामं करतं. पेक्टिनला आळायला मदत करतं आणि साखर फोडतं. मोरांब्याच्या पाकात लिंबू पिळलं की तो साखरत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. त्यामागचं कारण असं, की आम्ल आणि उष्णता मिळून साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग करतात आणि मग खडे धरत नाहीत.

कुकरचं भांडं निम्म्याहून जास्त भरू नये. फळ घालण्याआधीच मोकळ्या भांड्याचं वजन करून लिहून ठेवावं, हे विसरायचं नाही. मग ‘हाय’वर झाकण लावून तास-दीड तास. एवढ्यात फळ रस सोडतं आणि साखर विरघळते. पेरूचं पाणी आता घालावं आणि झाकण काढून टाकावं. पूर्ण उघडं ठेवायला मन घेत नसेल, तर लोणच्याच्या बरणीला बांधतो तसा पातळ फडक्याचा दादरा तोंडावर ताणून बांधावा. वाफ निघून जाते आणि माशी-धूळ आत येत नाही. फडक्याची टोकं मात्र कुकरच्या गरम कवचाला लागू देऊ नयेत. अर्ध्या तासाने एकदा ढवळावं, वर आलेली मळी काढावी. असे तीन-चार तास.

जॅम झाला हे ओळखण्यासाठी वजनकाट्यावर विश्वास ठेवावा. भांड्याचं वजन वजा जाता आतला ऐवज बाराशे-साडेबाराशे ग्रॅमवर आला, की गरजेचं पाणी गेलं. खात्रीसाठी फ्रीजरमध्ये गार केलेल्या बशीवर चमचाभर टाकून मिनिटभराने बोटाने ढकलावं. पृष्ठभागावर सुरकुती पडली की झालं. चिनीमातीचं तापलेलं भांडं काट्यावर ठेवताना खाली लाकडी पाट किंवा जाड कापड हवंच. गार ओट्यावर तसंच टेकवलं तर ते तडकू शकतं.

आता रंगाची गोष्ट. स्ट्रॉबेरीचा लाल रंग ॲन्थोसायनिन गटातल्या, मुख्यतः पेलार्गोनिडिनच्या, रंगद्रव्यातून येतो. ते उष्णतेने फुटतं आणि ही क्रिया वेळेबरोबर वाढत जाते. सहा-सात तास कुकरमध्ये राहिलेला जॅम विटकरी होतो. वासातही ताज्या फळाचा तजेला मागे पडतो आणि आटीव दुधासारखा गोडसर वास पुढे येतो. फार वेळ तापलेल्या आंबट रसात पेक्टिनच्या साखळ्याही तुटू लागतात, म्हणजे जास्त वेळ ठेवून जास्त घट्ट होईल हा समज फोल आहे. माझा सल्ला स्पष्ट आहे. फळ शिजवणं आणि पहिलं निम्मं पाणी काढणं स्लो कुकरवर सोपवावं, कारण त्यात ढवळत उभं राहावं लागत नाही आणि करपण्याची धास्ती नाही. मग तो ऐवज पसरट कढईत ओतून मोठ्या आचेवर दहा-पंधरा मिनिटं सतत ढवळत आटवावा. रंग बराचसा वाचतो. ज्यांना ओट्याशी तेवढंही उभं राहवत नाही, गुडघे दुखतात, त्यांनी सगळं कुकरवरच करावं. रंग उतरेल, पण तो जॅम चवीला सच्चा असेल.

साखर कमी करण्याची इच्छा आजकाल सगळ्यांना असते, आणि मधुमेहाने घेरलेल्या आपल्या समाजात ती रास्तही आहे. पण जॅममध्ये साखर पाणी बांधून ठेवते, आणि बांधलेलं पाणी बुरशीला मिळत नाही. टिकाऊपणा तिथून येतो. चारशे ग्रॅम साखरेत केलेला जॅम चवीला सुंदर लागतो, पण तो बाहेर ठेवायचा पदार्थ नाही. छोट्या बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवावा आणि तीनेक आठवड्यांत संपवावा, किंवा फ्रीजरमध्ये गोठवावा. पूर्ण साखरेचा जॅम काचेच्या, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून कोरड्या केलेल्या गरम बाटल्यांत गरम असतानाच भरावा. बाटली उघडल्यावर तोही फ्रीजमध्येच हवा. वर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढा काढून बाकीचा खाऊ नये, बाटलीच टाकून द्यावी. जुन्या सवयीने आपण वरचा थर काढतो, पण बुरशीचे धागे आणि तिचं विष खाली कुठवर पोचलं आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

डिसेंबरात पहिली फळं येतील ती तशीच खावीत, त्यांचा जॅम करू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाई-पाचगणीच्या बाजूला गेलात, तर रस्त्याकडेच्या शेतकऱ्याला प्रक्रियेचं फळ मागा. दिसायला ओबडधोबड, पण पिकून भरलेलं असतं आणि पनेटपेक्षा बरंच स्वस्त मिळतं. घासाघीस न करता पाच किलो घ्या, त्याच रात्री निवडा, आणि होईल तेवढ्याचा जॅम दुसऱ्या दिवशी लावा. बाकीचं देठ काढून गोठवून ठेवा, त्याचाही जॅम तितकाच चांगला होतो.